गरमखोलीची बँटम

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज कोंबडीला लॉन्ड्रीच्या काट्यावर उभं केलं. हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे तोलणारा काटा तो, त्याला कोंबडी म्हणजे किस झाड की पत्ती. सुई जागची हलली नाही. भिंगरी हसून हसून गठ्ठ्यावर आडवी झाली.

झालं असं, की मास्तर कपडे न्यायला आले होते. मास्तर म्हणजे भिंगरीला बॉक्सिंग शिकवणारे. गच्चीवर धुराड्याशेजारी ऊब असते, तिथे माझी ठेंगणी कोंबडी खोक्यात बसते. तिला बघून मास्तर म्हणाले, अरे, ही तर बँटम. म्हटलं, कोण बँटम? तर म्हणे या बुटक्या जातीला बँटमच म्हणतात, आणि भिंगरी ज्या वजनगटात खेळते त्याचं नाव यांच्यावरूनच पडलं. दिसायला एवढीशी, पण अंगावर आली तर दुप्पट मोठ्यालाही पळवून लावते.

तीन वर्षं मी छाती फुगवून सांगतोय, आमची पोरगी बँटम आहे म्हणून. मला आपलं वाटायचं, बँटम नावाचा कुणी साहेब असेल, त्याने हा गट काढला असेल. इथे बँटम माझ्याच गच्चीवर अंडी घालतेय आणि मला पत्ता नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा.

"आमची पोरगी" लिहून गेलो खरा. भिंगरी माझ्या बायकोची, तिच्या पहिल्या लग्नाची. दहा वर्षांची असताना आईबरोबर इथे आली. ओल्या चादरीत स्वतःला गुंडाळून गरागरा फिरायची, म्हणून मी भिंगरी म्हणायला लागलो. आता सतराची आहे. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. मला काका म्हणते, पहिल्या दिवसापासून. मीही कधी दुसरं काही म्हण म्हटलं नाही.

तिचा निळा स्वेटर पुन्हा आखूड दिसतोय. बाह्या पार मनगटाच्या वर. ड्रायर फार तापतोय, मिस्त्रीला बोलवायला हवं. लॉन्ड्रीवाल्याच्या घरातच कपडे आटायला लागले तर लोक काय म्हणतील.

७ फेब्रुवारी, शनिवार

भिंगरीच्या वडिलांचा फोन आला. माणूस वाईट नाही. माझ्या बायकोचं आणि त्यांचं पटलं नाही, एवढंच. दुसऱ्या शहरात त्यांचं मोठं बॉक्सिंग सेंटर आहे. एके काळी स्वतः नावाजलेले होते. भिंगरी रिंगमध्ये उतरते तेव्हा अजूनही तिच्या नावाआधी त्यांच्या शहराचं नाव पुकारतात, आणि जुनी माणसं टाळ्या वाजवतात.

म्हणाले, पोरगी वाढतेय, बँटममध्ये किती दिवस कोंबून ठेवणार? चौपन्न किलोच्या वर गेली की फेदर गट. तुमच्याकडच्या बॉक्सिंग हॉलमध्ये फेदरची जागा कंपाउंडरच्या मुलीची आहे, आणि एका हॉलमधून एका गटात स्पर्धेला एकच जाते. माझ्याकडे ती जागा रिकामी आहे. राहायला खोली आहे. पाठवून द्या.

मी म्हटलं, विचारून सांगतो. भिंगरी समोरच उशांचे अभ्रे घडी करत होती, तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "मी बँटमच राहणार." आणि रात्री जेवली नाही.

म्हणजे हिशेब सरळ आहे. बँटममध्ये बसली तर इथे, नाही बसली तर तिकडे. एक मार्चला हॉलमध्ये निवड आहे, त्या दिवशी मास्तर वजन घेतील आणि काय ते ठरेल. ती तिकडे जावी असं मला वाटत नाही. एवढं स्पष्ट मी फक्त इथेच लिहू शकतो. पण तिला बँटमचं एवढं काय पडलंय, ते काही कळत नाही. जिद्दी आहे, आईवर गेली आहे.

नवी ट्रॅकपँट आठवड्यात घोट्याच्या वर गेली. ही तर ड्रायरमध्ये घातलीही नव्हती, दोरीवर वाळवली होती. कापडच खोटं. दुकानदाराला जाब विचारणार आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

कालपासून भिंगरी गरम खोलीत बसते. घाम गाळून वजन उतरवायचंय म्हणे. मला विचारलं, बसू का? मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला ठाऊक आहे.

गरम खोली म्हणजे आमच्या लॉन्ड्रीची मागची खोली. जमिनीलगत वाफेचे नळ फिरवलेत, वर दोऱ्यांवर चादरी. छपराला एक धुरकट काच आहे, तिच्यातून दुपारी दुधासारखा उजेड झिरपतो. आत गेलं की भिंती दिसत नाहीत, नुसतं पांढरं. चादरी आपल्याआपण हलतात. बोललेलं थोड्या वेळाने पोचतं. बायको म्हणायची, या खोलीत आलं की आपण कोणत्या गावात आहोत तेच विसरायला होतं. पहिल्यांदा मायलेकी आल्या तेव्हा मी त्यांना इथेच बसवलं होतं. बाहेर थंडी होती आणि दुसरी खोलीच नव्हती. भिंगरी चादरींच्या मागे लपली आणि तासभर सापडली नाही.

आज दोन चादरींच्या पलीकडून तिचा आवाज आला. काका, बँटम कोंबड्या मूळच्या कुठल्या? म्हटलं, मला काय ठाऊक, माझी तर बाजारातून आणलेली. मग ती काही बोलली नाही. मला वाटलं झोपली. चादर बाजूला केली तर डोळे मिटून बसली होती आणि ओठ कोरडे पडले होते. पाणी दिलं. घेतलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बँटमचा उलगडा झाला, तोही कप्तानकडून. कप्तान हॉटेलच्या चादरी घेऊन येतो. आयुष्यभर जहाजावर कांदे सोलले, पण टोपी अशी घालतो की लोक कप्तान म्हणतात आणि तो नाही म्हणत नाही.

भिंगरीने त्यालाच विचारलं. तो गठ्ठ्यावर ऐसपैस बसला आणि सुरू झाला. बँटम हे कोंबडीचं नावच नाही म्हणे, ते एका बंदराचं नाव आहे. लांब, समुद्रापलीकडे. जुन्या काळी शिडाची जहाजं तिथे थांबायची, पाणी भरायची, खायचं सामान घ्यायची. तिथे या बुटक्या कोंबड्या मिळायच्या. जहाजावर जागा ती केवढी, त्यामुळे खलाशांना बुटक्याच सोयीच्या. मग त्या जहाजातून देशोदेशी गेल्या. लोक विचारायचे, ही कुठली? खलाशी सांगायचे, बँटमची. झालं, नाव चिकटलं. पुढे बुटक्या पण तिखट बॉक्सरांनाही तेच चिकटलं.

भिंगरीने विचारलं, "म्हणजे त्या तिथेच जन्मलेल्या?"

कप्तान म्हणाला, "ते कोण बघतंय? कुठल्या कुठल्या खेड्यांतून आलेल्या असतील. जहाजावर जिथे चढल्या, त्या बंदराच्या झाल्या."

मी म्हटलं, कप्तान, यातलं खरं किती आणि फोडणी किती? तो म्हणाला, कांदा माझा, बाकी सगळं खरं. भिंगरी हसली नाही. हातातला टॉवेल तसाच धरून किती तरी वेळ बसून राहिली. भुकेने डोकं चालत नसणार.

१५ फेब्रुवारी, रविवार

स्वप्न पडलं. गरम खोली पाण्यावर तरंगत होती आणि सगळ्या चादरींत वारा भरला होता. काट्यावर कोंबडी उभी होती आणि सुई हळूहळू पुढे सरकत होती. धक्क्यावर बायको उभी होती, हात हलवत नव्हती, नुसती बघत होती. मी ओरडून सांगत होतो की चादरी उतरवा, हॉटेलच्या आहेत. जाग आली तर उशी ओली होती. घाम असणार.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज डबल चादर घडी करताना भिंगरी कोसळता कोसळता राहिली.

डबल चादरीला दोन माणसं लागतात. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकांसमोर यायचं आणि टोकं जुळवायची. सात वर्षं आम्ही हे करतोय, बोलावंही लागत नाही. आज ती चालत आली, टोकं माझ्या हातात दिली आणि डोळे फिरले. मी चादरीसकट धरली. अंग नुसतं तापलेलं. आणि एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली येत नाही आता. कपाळाला कपाळ लागलं. केव्हा झालं हे?

स्वेटर आटलाच नव्हता. ट्रॅकपँटही नाही. चाळीस वर्षं कपडे धुण्यात गेली माझी, आणि पोरगी वाढतेय हे सोडून बाकी सगळ्याला दोष देऊन झाला. दुकानदाराशी भांडून आलो ते वेगळंच.

तिला निजवलं आणि गरम खोलीत एकटा बसलो. मी काय करतोय? ओली चादर दोरीवर टाकतो, पाणी जातं, चादर तेवढीच राहते. नुसतं पाणी काढायचं तेवढं काढावं. त्यापुढेही तापवत ठेवली तर सूत कडकडीत होतं आणि घडी घालताना चिरतं. चादरीच्या बाबतीत हे मला झोपेतही कळतं. पोरीला मात्र मीच आत बसवली, कारण ती वाळली तर इथे राहील. हे कुणाचं भलं बघतोय मी?

नको म्हटलं तर ऐकायची नाही, हे ठाऊक आहे. म्हणून एक उद्योग केला. काट्याच्या मागे एक खटका आहे. कपडे टोपलीत घालून तोलतो ना, तो खटका दाबला की टोपलीचे दोन किलो आपोआप वजा होतात. टोपली ठेवली नाही आणि खटका दाबून ठेवला, तर उभा राहील तो माणूस दोन किलोने हलका. मी खटका दाबून ठेवला. आणि गरम खोलीला कुलूप घातलं, नळ गळतोय म्हणून सांगायला.

निवडीच्या दिवशी मास्तरांच्या काट्यावर खरं उघडं पडेल. बँटम जाईल आणि तीही जाईल. जाऊ दे. जेवून तरी जाईल.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी काट्यावर उभी राहिली. सुई बरोबर चौपन्नवर. मी तोंड फिरवून साबणाचे डबे पुसत बसलो. ती बराच वेळ सुईकडे बघत होती. मग उतरली, काट्याच्या मागे जाऊन बुटाची नाडी बांधली, परत आली आणि अनवाणीच पायऱ्या चढून वर गेली.

थोड्या वेळाने विचारलं, "काका, खायला काय आहे?"

दोन वेळा मागून घेतलं. तिसऱ्यांदा मी न विचारताच वाढलं. देवा, फसवणूक असली तर असू दे, पण पोरगी खाताना काय सुरेख दिसते. कुलपाचं म्हणशील, तर तिने विचारलंही नाही, मीच नळ गळतोय म्हणून सांगून टाकलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

रोज सकाळी सुई चौपन्नवर आणि रोज मी चोर. भिंगरीच्या गालावर मात्र रंग आलाय. शिटी वाजवत अभ्रे घडी करते.

हॉलवर डबा द्यायला गेलो तर कंपाउंडरच्या मुलीशी सराव चालला होता. मास्तरांना म्हटलं, ती तर फेदरवाली, हिच्याशी कशाला? मास्तर माझ्याकडे जरा विचित्रच बघायला लागले. म्हणाले, तुमची काही हरकत नाही ना? म्हटलं, माझी कसली हरकत, सरावाला तेवढीच मदत होईल त्या मुलीला. मास्तर खोकले आणि आत गेले. सर्दी झाली असावी.

गच्चीवर भिंगरीला कोंबडीचं एक पीस मिळालं. ते तिने हॉलच्या पिशवीत खोचून ठेवलंय. मी म्हटलं, शकुन का? म्हणाली, तसंच समजा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सांगायचंच म्हणून सकाळी उठलो. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, ड्रायरचा पट्टा बदलायला हवा. ती म्हणाली, हो काका, बदला.

दुपारी तिच्या वडिलांचा फोन. खोली तयार आहे म्हणाले. भिंगरी फोन घेऊन गच्चीवर गेली आणि कोंबडीपाशी बसून बराच वेळ बोलत होती. खाली आली ती माळ्यावरची बॅग काढून पुसायला लागली. मी काही विचारलं नाही. ती मनाने आधीच गेली आहे, मीच उगाच खटक्यात जीव अडकवून बसलोय.

आज डबल चादरी दारांच्या कड्यांना टोकं बांधून एकट्याने घडी करून बघितल्या. जमतं. पण घडी वाकडी येते.

१ मार्च, रविवार

आता सगळं नीट लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

हॉलमध्ये मी कप्तानला घेऊन गेलो होतो, आधाराला. भिंगरी मास्तरांच्या काट्यावर उभी राहिली. मी डोळे मिटून घेतले. मास्तरांचा आवाज आला, छप्पन. आता आकाश कोसळणार म्हणून मी वाट बघत राहिलो. कोसळलं नाही. डोळे उघडले तर मास्तर तिला म्हणत होते, फेदर, निळा कोपरा, जा हात बांधून घे. जसं काही महिन्याभरापूर्वी ठरलेलं.

कंपाउंडरच्या मुलीशी लढत. जी जिंकेल ती इथली फेदर. म्हणजे सराव सराव म्हणून चाललेलं होतं ते हे. सगळ्या हॉलला ठाऊक होतं, मी सोडून.

पुकारणारा माइकवर उभा राहिला. त्याने भिंगरीच्या वडिलांच्या शहराचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती दोरावरून वाकली आणि त्याच्या कानात काहीतरी बोलली. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. मग तो माइकवर म्हणाला, "निळा कोपरा, गरमखोलीची भिंगरी."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागचा एक जण म्हणाला, हे कुठलं खेडं? कुणी हसलं. टाळी एकच पडली, कप्तानची. मला लाजल्यासारखं झालं, ते कबूल करतो. वडिलांच्या शहराला केवढ्या टाळ्या पडल्या असत्या.

लढत बघितली म्हणजे काय, मधूनमधून बघितली. भिंगरी मागे हटत नव्हती. तिसऱ्या फेरीत दोघी अशा चिकटल्या की कुणाचा हात कुठला कळेना. शेवटी पंचांनी लाल कोपऱ्याचा हात वर केला. थोडक्यात गेली. भिंगरीने त्या मुलीला मिठी मारली, रिंगमधून उतरली आणि पिशवीतलं पीस काढून माझ्या शर्टाच्या खिशात खोचलं. मी खाली मान घालून रडलो. साबण डोळ्यात गेला म्हणायला इथे साबण नव्हता.

संध्याकाळी लॉन्ड्रीत आम्ही दोघंच. मी काट्यावर हात ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. म्हटलं, "भिंगरे, खटका मी दाबून ठेवला होता. तुझी बँटम माझ्यामुळे गेली."

ती म्हणाली, "काका, सात वर्षं हा काटा मीच पुसते. पहिल्याच दिवशी दिसला मला खटका."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला जेवायला घालत होता. आणि मला भूक लागली होती."

तीच पुढे सांगत होती. आधी तिला वाटलं, मला तिला पाठवून द्यायचंय. वर जाऊन रडलीही. मग बघितलं तर मी न विचारता वाढतोय, गळक्या नळाच्या थापा मारतोय आणि दिवसभर चोरासारखं तोंड करून फिरतोय. पाठवायचं असतं तर असं तोंड कोण करतं? मग मास्तरांकडे जाऊन तिने स्वतःच सांगितलं, मी फेदर खेळते.

"एवढे दिवस उपाशी कशाला राहिलीस मग?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली, जसं मी चादरीला रुमाल म्हटलं. "बँटम राहिले असते तर इथे राहिले असते ना."

म्हणजे तेच. मी इकडून वाळवत होतो आणि ती तिकडून वाळत होती, एकाच कारणासाठी. मूर्खांचा बाजार नुसता.

तेव्हा मी म्हटलं ते मनापासून म्हटलं. "आता तू जा. तिकडे तुझ्या गटाची जागा आहे. इथे राहून वर्ष घालवू नकोस."

"जाणारच आहे," ती म्हणाली. हरले तर येते, असं तिने वडिलांना शुक्रवारीच सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, मग निदान तिकडे तरी त्यांच्या शहराचं नाव सांग. लोकांना गरमखोली म्हणजे काय कळणार? तू काही इथली जन्मलेली नाहीस.

तिने काट्यामागे वाकून खटका काढला. सुई मागे-पुढे होऊन शून्यावर आली.

"त्या कोंबड्या तरी कुठे बंदरात जन्मल्या होत्या?" ती म्हणाली.

मग आम्ही उरलेल्या डबल चादरी घडी केल्या. हॉटेलला सकाळी हव्या होत्या.

४ मार्च, बुधवार

पोरगी गेली. निळा स्वेटर मागे ठेवून गेली, कोंबडीच्या खोक्यात घालायला. कोंबडी त्यावर राणीसारखी बसली आहे. लॉन्ड्रीत फार शांत आहे. जीव रमत नाही, आणखी काय लिहू.

१५ मार्च, रविवार

दुपारी गरम खोलीत होतो. छपराच्या काचेतून उजेड येत होता आणि चादरी हलत होत्या. एका चादरीमागे कुणीतरी लपलंय असं वाटलं म्हणून दोनदा बाजूला करून बघितली. तेवढ्यात फोन वाजला. भिंगरीचे वडील.

म्हणाले, पहिली लढत जिंकली. पोरीचा उजवा हात चांगला बसतो, मास्तरांना माझा नमस्कार सांगा. मग चाचरतच म्हणाले, एक विचारायचं होतं. पुकारताना ती गरमखोली सांगते. मी दोनदा समजावलं, ऐकत नाही. आता इथले लोक मला विचारतात, ही गरमखोली आली कुठे. नकाशावर तर सापडत नाही. काय सांगू त्यांना?

मी चादरीचं टोक धरून उभा होतो. ते सोडलं नाही.

म्हटलं, "सांगा, एक बंदर आहे."